मॅजिस्ट्रेटला सुट्टी दिलीत, पण तिचं काम कुणाकडे दिलंत?

इंग्लंडमधल्या तमाम मराठी मालक, डायरेक्टर, टीम मॅनेजर आणि एचआरवाल्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

परवा दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभी होते तर तुमच्यापैकी तिघांनी एकामागून एक मला तोच प्रश्न विचारला, "अगं पण कोर्टात बसायला ऑफिस कसं सोडतं तुला?" विचारणाऱ्यांपैकी दोघांच्या स्वतःच्या कंपन्या आहेत आणि तिसरा एका मोठ्या कंपनीत चाळीस माणसांवर मॅनेजर आहे, म्हणजे ज्यांनी सोडायचं तेच मला विचारतायत की सोडतात कसं. तेव्हा हातात चकलीची प्लेट होती म्हणून नुसती हसले. आता नीट उत्तर देते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मी काय करते ते सांगते, कारण इथेच अर्धा गोंधळ आहे. मी पेरोलमध्ये, म्हणजे कंपनीतल्या लोकांच्या पगारांच्या हिशोबात, नोकरी करते, पूर्णवेळ, आणि त्याच्याबरोबर मॅजिस्ट्रेट आहे. नाशिकला आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी झेरॉक्सवर शिक्का मारते. तिचं चुकलं नाही काही, आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक स्पेशल एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट असायचे ना, दाराशी पाटी, टेबलावर गोल शिक्का, आणि आपण ॲडमिशनच्या आदल्या दिवशी मार्कशीटच्या कॉप्या घेऊन त्यांच्या जेवणाच्या वेळेला टपकायचो, तेच डोक्यात. आणि त्याच्याही आधीचं बघायचं तर मुंबईत जे.पी. होणं हा केवढा मान होता, १८३० च्या दशकात ज्या पहिल्या हिंदी लोकांना तो मिळाला त्यात आपले नाना शंकरशेट होते. तेच हे जे.पी., जस्टिस ऑफ द पीस, इथे १३६१ च्या कायद्यापासून चालत आलेलं. फक्त इथे ते नुसतं मानाचं पद नाहीये, इथे खरंच कोर्टात बसावं लागतं.

बेंचवर तिघं असतो. मधे बसतो तो प्रिसायडिंग जस्टिस आणि आजूबाजूचे दोघं विंगर. मी विंगर. समोर खाली लीगल ॲडव्हायजर बसतात, ते कायदा सांगतात, निर्णय आमचा. कायद्याची डिग्री लागत नाही, पगार शून्य, प्रवासखर्च वगैरे मिळतो. आणि हे काही किरकोळ काम नाही हां, इंग्लंड-वेल्समधला प्रत्येक क्रिमिनल खटला मॅजिस्ट्रेट कोर्टात सुरू होतो आणि ९० टक्क्यांहून जास्त तिथेच संपतात, क्राउन कोर्टापर्यंत (गंभीर गुन्ह्यांचं वरचं कोर्ट) जातच नाहीत. नोव्हेंबर २०२४ पासून आम्ही एका गुन्ह्यासाठी १२ महिन्यांपर्यंत कैद देऊ शकतो, आधी ती मर्यादा ६ महिने होती (मधे २०२२ मध्ये १२ केली, २०२३ मध्ये परत ६ केली, मग परत १२, सरकारचं पण आपल्या सोसायटीच्या पार्किंगसारखं चालू असतं). तर संध्याकाळी पावणेपाचला एका एकोणीस वर्षांच्या पोराला जामीन द्यायचा की तुरुंगात पाठवायचं हे तीन माणसं ठरवत असतात आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या ऑफिसात बसून तुमच्या ओव्हरटाइमच्या शीटमधल्या चुका काढत असते.

वेळ किती लागतो? वर्षाला कमीत कमी १३ दिवस, किंवा २६ अर्धे दिवस. शिवाय ट्रेनिंग, जे पहिल्या वर्षी जास्त असतं. किमान पाच वर्षं तरी करेन अशी तयारी अपेक्षित असते. बस, एवढंच. महिन्याला साधारण एक दिवस. आपल्याकडे एखाद्याला फुटबॉल बघायला पॅरिसला जायचं असलं तर याहून जास्त दिवस आपण चुपचाप अप्रूव्ह करतो.

आता माझी गोष्ट. जिथे मी आधी होते ती कंपनी, नाव घेत नाही, तिथल्या मॅनेजरने अर्जाच्या वेळी "व्हेरी प्राउड ऑफ यू" वगैरे मेल पाठवला, सगळ्या टीमला सीसी करून. नेमणूक झाली, शपथ झाली, रोटा (कोर्टात बसायच्या तारखांचं वेळापत्रक) आला, मी तारखा पाठवल्या, तर उत्तर आलं की एन्युअल लीव्ह टाक, बाकी काही प्रोव्हिजन नाही. मला तेव्हा कायदा माहीत नव्हता आणि खरं सांगायचं तर भांडायची लाज वाटली, आपण नवीन, बाहेरून आलेले, कशाला उगाच. टाकली लीव्ह. माझ्या २५ सुट्ट्या होत्या. त्यातले १३ कोर्टाला, ४ ट्रेनिंगला, ३ ख्रिसमसला ऑफिस बंद म्हणून सक्तीने. राहिले ५. पाच दिवसांत काय नाशिक करणार, येण्याजाण्यातच दोन जातात. त्या वर्षी गणपतीत घरी गेले नाही. आणि वर सगळ्यांना वाटायचं कंपनी किती सपोर्टिव्ह आहे, कारण तो मेल सगळ्यांनी वाचला होता ना!

तर मंडळी पहिली गोष्ट, हा कायदा आहे, उपकार नाहीये. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६, कलम ५०. मॅजिस्ट्रेट असलेल्या एम्प्लॉयीला कामाच्या वेळेत "वाजवी" सुट्टी दिलीच पाहिजे, आणि त्याला दोन वर्षं नोकरी झालेली असावी लागते वगैरे अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. नगरसेवक, शाळेचे गव्हर्नर यांनाही हेच कलम. पगारी द्या असं कायदा म्हणत नाही. वाजवी म्हणजे किती ते ठरवताना कामाला एकूण किती वेळ लागतो, आधी किती सुट्टी घेतलीय, आणि तुमच्या धंद्यावर काय परिणाम होतो हे सगळं बघितलं जातं, म्हणजे तुमची बाजू पण त्यात आहे. न दिल्यास माणूस ट्रिब्युनलला, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांच्या कोर्टात, जाऊ शकतो. जात नाही कोणी ही गोष्ट वेगळी. मी पण नाही गेले. आपली माणसं तर नाहीच जात, आपण नोकरी बदलतो. मी पण बदलली.

पण कायदा पाळणं हा सोपा भाग आहे आणि या पत्राचा मुद्दा तो नाहीच. कायदा पाळूनसुद्धा माणसाची वाट लावता येते आणि बहुतेक चांगल्या कंपन्या नेमकं हेच करतात, नकळत.

काय होतं बघा. तुम्ही चांगले आहात, तुम्ही म्हणता जा, खुशाल जा, पगार पण कापत नाही. मंगळवारी ती कोर्टात जाते. मंगळवारचं काम मात्र मंगळवारीच येतं, ते काही कोर्टात जात नाही. ते तिच्याच इनबॉक्समध्ये साचतं, डेडलाइन तीच, टार्गेट तेच. मग ती सोमवारी रात्री अकरापर्यंत बसते आणि बुधवारी पहाटे उठते. तुम्ही एक दिवस दिलात आणि तिने तो रात्रींमधून परत केला. वर्षाचे १३ दिवस धरले तर जवळजवळ अडीच आठवड्यांचं काम ती फुकट करते आणि तुम्हाला वाटतं आपण दानशूर. कर्ण!

हे माझंच मत नाही हां. १९७८ ची एक केस आहे, डॉर्सेट काउंटी कौन्सिलच्या विरोधातली. कॉलेजात शिकवणारा एक माणूस कौन्सिलर होता, त्याला मीटिंगांसाठी वेळ हवा होता, तर मालकाने, म्हणजे त्या काउंटी कौन्सिलने, काय केलं, त्याचे तास इकडचे तिकडे हलवले पण एकूण शिकवणं तेवढंच ठेवलं, तयारी-तपासणी सगळं तेवढंच. ट्रिब्युनलने सांगितलं की ह्याला सुट्टी दिली म्हणत नाहीत. तास सरकवणं म्हणजे सुट्टी नाही. हे मला कळलं तेव्हा मी आधीची नोकरी सोडून बसले होते, नाहीतर ती केस प्रिंट काढून फ्रेम करून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली असती.

आता जिथे आहे तिथली मॅनेजर यॉर्कशायरची बाई आहे, फार गोड बोलत नाही, "प्राउड" वगैरे शब्द तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही. मी जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिला सांगितलं की मी मॅजिस्ट्रेट आहे आणि या तारखा आहेत. तिने अभिनंदन केलं नाही. तिने कागद काढला आणि विचारलं, त्या दिवशी तुझ्याकडे काय काय येतं? स्टार्टर-लीव्हर (नवीन आलेले, सोडून गेलेले), पी४५ (नोकरी सोडणाऱ्याला द्यायचा कराचा कागद), लोकांच्या पगाराच्या शंका, आणि तारीख महिन्याच्या शेवटाकडे असेल तर एचएमआरसीला (इथलं करखातं) एफपीएस, म्हणजे पगार-कराचा हिशोब, पाठवणं. तिने एकेका ओळीसमोर नाव लिहिलं. दोन ओळींसमोर लिहायला नावच नव्हतं, कारण ते काम फक्त मलाच येत होतं. तर म्हणाली, मग हे तू दोन महिन्यांत त्या ज्युनिअर मुलाला शिकव, आणि शिकवायचे तास तुझ्या वीकमधून मी काढून ठेवते. झालं. एवढंच केलं तिने. पंधरा मिनिटं लागली असतील.

त्यानंतर दीड वर्षाने माझे वडील आजारी पडले आणि मला तीन आठवडे नाशिकला जावं लागलं, अचानक, विमानतळावरून मेल केला. पगार वेळेवर झाले. त्या ज्युनिअर मुलानेच केले सगळे, एक फोन नाही आला मला. मॅनेजर नंतर एवढंच म्हणाली की तुझ्या कोर्टाने आपलं सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर काढलं, म्हणजे एकाच माणसावर सगळं अडकणं संपलं. हा फायदा कुठल्या माहितीपत्रकात मी वाचलेला नाही, पण मला वाटतं छोट्या टीमला यापेक्षा मोठा फायदा नाही. महिन्यातून एक दिवस ठरवून एखादं माणूस नसणं म्हणजे फुकटची फायर ड्रिल आहे.

हां, यात आमची पण जबाबदारी आहे, ते पण बोलते. रोटा काही महिने आधी ठरतो आणि आपण कधी उपलब्ध आहोत ते आपणच सांगायचं असतं. मी महिन्याची १८ ते २४ तारीख कधीच देत नाही कारण तेव्हा पेरोलचा कटऑफ, तेव्हा माझं कोर्टातही लक्ष लागणार नाही. जो मॅजिस्ट्रेट इयर एंडच्या आठवड्यात तारीख घेऊन येतो आणि वर कलम ५० दाखवतो त्याच्याबद्दल मला पण सहानुभूती नाही. तारखा आल्या की त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकायच्या, मॅनेजरला पाठवायच्या. पण एक तुम्ही समजून घ्या, आयत्या वेळी "आजचं कॅन्सल कर ना, क्लायंट आलाय" हे करू नका. तिघांतला एक आला नाही की दुसरा शोधावा लागतो, आणि नाहीच मिळाला तर कधीकधी ट्रायलच पुढे ढकलायची वेळ येते, म्हणजे साक्षीदार परत घरी, फिर्यादी परत घरी, परत चार महिन्यांनी तारीख. तारीख पडणं म्हणजे काय हे आपल्याला तरी कोणी समजावून सांगायला नको, भावकीच्या जमिनीच्या केसा बघतच मोठे झालोय आपण.

आणि उलट पण होतं. ट्रायल त्या दिवशी संपली नाही तर त्याच तिघांना परत यावं लागतं, चौथा माणूस मधूनच येऊन निकाल देऊ शकत नाही. म्हणजे १३ चे कधी १४ होतात. किंवा त्या दिवसाच्या केसेसची लिस्ट लांबते, कोठडीतल्या माणसाला उद्या या म्हणता येत नाही, साडेपाच वाजतात. अशा एका दिवशी मी रिटायरिंग रूममधून (आम्ही निर्णय ठरवायला बसतो ती खोली) बाहेर येऊन फोन चालू केला तर ११ मिस्ड कॉल, सगळे आधीच्या त्या मॅनेजरचे. कशासाठी, तर एका फाइलचा पासवर्ड. कोर्टात बसलेल्या माणसाचा फोन बंद असतो, तो "वर्किंग फ्रॉम कोर्ट" नसतो, कृपया हे आउट ऑफ ऑफिसमध्ये लिहू द्या आणि त्यात दुसऱ्याचं नाव लिहायची सक्ती करा.

"शनिवारी कर ना मग!" हे पण मी ऐकलंय. शनिवारी कोर्ट असतं, रात्री पकडलेल्या लोकांसाठी, पण ते थोडं असतं आणि सगळ्यांत वाटून येतं. नुसते शनिवार करून १३ भरत नाहीत.

आता पगार. मी पेरोलवाली आहे त्यामुळे इथे जरा रेंगाळणार, माफ करा. तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. एक, सगळे दिवस पगारी. दुसरा, सगळे बिनपगारी, मग माणूस कोर्टाकडून बुडालेल्या कमाईचा भत्ता मागू शकतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे आणि बऱ्यापैकी पगार असलेल्याचं त्यात भरून निघत नाही. तिसरा मधला, काही दिवस पगारी द्या, उरलेल्यांना भत्ता आणि पगार यांच्यातला फरक तुम्ही भरा. तुम्ही पूर्ण पगार देत असाल तर भत्ता मागायचा नसतो, नुकसानच झालेलं नाही ना. माझ्या मते ज्याची पन्नासहून जास्त माणसं आहेत त्याने १३ दिवस सरळ पगारी द्यावेत आणि विषय संपवावा, त्या हिशोबाला लागणारा एचआरचा वेळच जास्त महाग पडतो.

पण बिनपगारीच करायचं असेल तर एक दिवसाचा पगार म्हणजे किती ते आधी लिहून ठेवा. हसू नका, इथे भांडणं होतात. समजा पगार ३९,००० पाउंड. आठवड्याचे पाच दिवस धरून २६० ने भागलं तर दिवसाला १५० पाउंड कापले जातात, ३६५ ने भागलं तर जेमतेम १०७. १३ दिवसांचे एकीकडे १,९५० आणि दुसरीकडे १,३८९, म्हणजे नुसत्या भागाकारात ५६१ पाउंडांचा फरक, मुंबईचं तिकीट आलं त्यात. पगार कमी झाला की पेन्शनमधलं कॉन्ट्रिब्युशन पण घसरतं, ते माणसाच्या लक्षातही येत नाही, कळतं ते साठाव्या वर्षी. निदान पेन्शन तरी पूर्ण पगारावर चालू ठेवा, तुमच्या खिशातून फार जात नाही.

दुकानवाले, केटरिंगवाले, तीन-चार माणसांवर धंदा करणारे, तुम्ही म्हणाल आम्हाला हे कुठलं परवडायला. बरोबर आहे, कायद्यातला "वाजवी" शब्द तुमच्यासाठीच आहे. तुमच्याकडे अर्धे दिवस जमतील, सकाळचं सेशन करून माणूस दोनपर्यंत काउंटरवर परत. टिफिनच्या धंद्यात सकाळ नाही जमणार पण दुपार जमेल. आणि एक गोष्ट, तुम्ही स्वतः का नाही होत? स्वतःचा धंदा असणाऱ्यालाही तो भत्ता मागता येतो. ब्रिटिश पासपोर्टची अट नाही, राजाच्या निष्ठेची शपथ घ्यायची तयारी पाहिजे (यावर आमच्या घरी तीन दिवस चर्चा झाली, सासऱ्यांनी टिळकांपासून सुरुवात केली). वय १८ पासून ७४ पर्यंत अर्ज करता येतो, निवृत्ती ७५ ला, २०२२ पर्यंत ती ७० ला होती. अर्ज करायच्या आधी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसून बघायचं असतं, ते तर कोणीही फुकट बघू शकतो, एकदा बघाच.

काही बारीकसारीक गोष्टी ज्या कुठल्या पॉलिसीत लिहून येत नाहीत. "काय मग, आज किती जणांना आत टाकलं?" हा जोक पहिल्या वेळी ठीक आहे. केसबद्दल खोदून विचारू नका, आम्ही सांगू शकत नाही आणि नाही म्हणताना आम्हीच अवघडतो, त्यात तुम्ही बॉस. कोर्टातला सेल्फी मागू नका, इथे कोर्टात फोटो काढणं १९२५ पासून गुन्हा आहे. स्वतःच्या स्पीडिंगच्या नोटिशीबद्दल "बघ ना काही होतं का" असं तर चुकूनही नको, एकाने मला हे खरंच विचारलं आणि मी जे उत्तर दिलं त्यानंतर आमच्यात फक्त हवामानावर बोलणं होतं. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा क्लायंटच्या मेलमध्ये "आमच्या टीममध्ये जे.पी. आहेत" अशी जाहिरात करू नका, धंद्याच्या फायद्यासाठी ते नाव वापरायचं नसतं. ऑफिसच्या न्यूजलेटरमध्ये फोटो टाकायच्या आधी विचारा, ज्याला शिक्षा दिली तो आपल्याच गावात राहत असतो, तो आपल्याच टेस्कोत दुधाच्या रांगेत भेटू शकतो, सगळ्यांनाच आपलं नाव-कंपनी फिरलेलं आवडत नाही.

आणि अप्रेजल. तिथे "अव्हेलेबिलिटी" नावाचा एक रकाना असतो. आधीच्या नोकरीत माझ्या त्या रकान्यात लिहून आलं होतं की बाहेरच्या कमिटमेंट्समुळे कधीकधी उपलब्ध नसते. ज्या १३ दिवसांसाठी मी माझी स्वतःची सुट्टी टाकली होती त्याच १३ दिवसांबद्दल! म्हणजे गणपती पण गेला आणि इन्क्रिमेंट पण. मॅनेजरला ट्रेनिंग देत असाल तर बाकी सगळं सोडून एवढं एक वाक्य शिकवा की कोर्टाचे दिवस अप्रेजलमध्ये मोजायचे नाहीत, टार्गेट ठरवताना मात्र मोजायचे, वर्षाचे दिवस २२५ असतील तर तिचे २१२ धरा आणि त्या हिशोबाने टार्गेट कमी करा.

मॅजिस्ट्रेट झाल्यावर माणूस ऑफिसात किती सुधारतो याचं लेक्चर मी देणार नाही, ते भरतीच्या जाहिरातीत वाचा. एकच सांगते. आमच्याकडे निर्णयासाठी आत गेलो की मधे बसणारा आधी सगळ्यात नव्या माणसाला विचारतो, तुला काय वाटतं आणि का. का हे सांगावंच लागतं. नंतर तेच कारण उघड्या कोर्टात, ज्याला शिक्षा झालीय त्याच्या तोंडावर, त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं. आता तुमच्या शेवटच्या मॅनेजमेंट मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअर माणसाला कोणी आधी विचारलं होतं का, ते आठवा.

२०१२ मध्ये या देशात २५ हजारांच्या वर मॅजिस्ट्रेट होते, २०२२ मध्ये साडेबारा हजारांपर्यंत घसरले. सरकारने त्याच वर्षी ४,००० नवीन भरायची मोहीम काढली, २०२४ पर्यंत आकडा साडेचौदा हजारांच्या आसपास आला. दरम्यान २०१० नंतर निम्मी मॅजिस्ट्रेट कोर्टं बंद केली, म्हणजे आहेत त्या माणसांचा प्रवास वाढला. क्राउन कोर्टात ७५ हजारांहून जास्त केसेस तुंबल्यात आणि जुलै २०२५ मध्ये निवृत्त जज सर ब्रायन लेव्हसन यांच्या समितीने सुचवलं की काही खटले तिथे ज्युरीऐवजी एक जज आणि दोन मॅजिस्ट्रेट यांनी चालवावेत. म्हणजे माणसं अजून लागणार. आणि आत्ताच्या बेंचवर बघाल तर बहुसंख्य पन्नाशीच्या पुढचे, बरेचसे निवृत्त. का? कारण त्यांना कुणाकडे सुट्टी मागायची नसते. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात वीस-बावीस वर्षांची पोरं आणि वर आम्ही सगळे रीडिंग ग्लासेसवाले. तुमच्या ऑफिसातली तिशीतली मुलगी त्या खुर्चीत का नाही याचं उत्तर कोर्टात नाही मिळणार, तुमच्या लीव्ह पॉलिसीत मिळेल.

आणि तुमच्याकडे आधीच कोणीतरी असेल. विचारून बघा एकदा. मला माझ्याच बेंचवर दोन भारतीय भेटले जे ऑफिसात सांगतच नाहीत, डेंटिस्टकडे जातो म्हणून जातात. एकाचे दात कंपनीच्या हिशोबाने आत्तापर्यंत सगळे पडले असणार.

बरं, आता काम सोपं करून देते. खालचं जसंच्या तसं तुमच्या हँडबुकमध्ये टाका, इंग्रजी तुमचं तुम्ही करून घ्या:

"मॅजिस्ट्रेट असलेल्या कर्मचाऱ्याला वर्षाला १३ दिवस कोर्टासाठी आणि त्याशिवाय ट्रेनिंगचे दिवस पगारी रजा मिळेल. ही रजा वार्षिक रजेतून कापली जाणार नाही. ट्रायल लांबल्यास जादा दिवस मॅनेजरशी बोलून. तारखा मिळाल्यापासून आठवड्याभरात कर्मचाऱ्याने कळवायच्या. त्यानंतरच्या आठवड्याभरात मॅनेजरने प्रत्येक तारखेचं काम कोण करणार त्याचं नाव लेखी द्यायचं."

शेवटचं वाक्य कोणीतरी मीटिंगमध्ये खोडायला सांगेल, बघाच. बाकीचं सगळं खोडलंत तरी चालेल, ते तेवढं राहू द्या.

माझी पुढची तारीख गुरुवारी आहे. फोन बंद असेल.

आपली,
बेंचवर डावीकडे बसणारी एक पेरोलवाली